आऊटर बँक्सला जायचंय: बुडालेली जहाजं पाण्यात न उतरता बघता येतील का?

कॅरीची_कावेरी (धागाकर्ती)

मंडळी, ऑक्टोबरच्या मध्यावर चार दिवस नॉर्थ कॅरोलायनाच्या आऊटर बँक्सला जायचं ठरतंय. सोबत गुहागरहून आलेले सासू-सासरे आणि अकरा वर्षांचे चिरंजीव. चिरंजीवांना सध्या बुडालेल्या जहाजांनी झपाटलंय. ह्या किनाऱ्याला 'अटलांटिकची स्मशानभूमी' म्हणतात हे त्याला कुठून तरी कळलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

दोन प्रश्न आहेत. पहिला माझा: डायव्हिंग वगैरे न करता, कोरड्या पायांनी बघण्यासारखं तिथे काय आहे? दुसरा सासऱ्यांचा. त्यांनी नकाशा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "इथे खडक कुठाय? सगळी रेतीच दिसत्ये. रेतीवर जहाज फार तर रुतेल, फुटेल कसं?" गुहागरच्या माणसाला समुद्र शिकवायला मी जाणार नाही, त्यामुळे उत्तर तुमच्याकडून हवंय.

राईट बंधूंचं स्मारक, दीपगृह, कोरोलाचे रानटी घोडे हे करणारच आहोत. त्यापलीकडचं सांगा.

अजून_एक_जोशी

पहिला! आता वाचतो.

पाव्हणा

आम्ही दोनदा गेलोय. बीच मस्त, वारा फार, देशी जेवण शून्य. थेपले घेऊन जा.

नॉरफोक_मुक्काम

कावेरीताई, सासऱ्यांचा प्रश्न लाखमोलाचा आहे, आधी तोच घेतो. मी तिथून दोन तासांवर राहतो आणि गळ टाकायला सारखा जातो.

आऊटर बँक्स म्हणजे मुख्य भूमीपासून सुटलेली, सुमारे 320 किलोमीटर लांब वाळूच्या बेटांची माळ. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला पॅम्लिको साउंड नावाची अवाढव्य उथळ खाडी. मध्ये काही ठिकाणी जमीन इतकी अरुंद की रस्त्यावर उभं राहून दोन्हीकडचं पाणी दिसतं. खडक खरंच नाही. घात करते ती पाण्याखालची वाळू. ह्या माळेतल्या हॅटरस बेटाच्या टोकापासून डायमंड शोल्स नावाची वाळूची उथळ शेपटी कित्येक मैल समुद्रात गेलेली आहे, आणि ती एका जागी थांबत नाही.

आता प्रवाह बघा. बाहेरून गल्फ स्ट्रीम ईशान्येकडे तीन-चार नॉट वेगाने वाहतो. उत्तरेकडे जाणाऱ्या शिडाच्या जहाजाला तो फुकटची ढकल देतो, पण दक्षिणेला जाणाऱ्याला त्याच्याविरुद्ध झगडावं लागतं. म्हणून दक्षिणेकडे जाणारी जहाजं तो टाळून किनाऱ्याला चिकटून जायची. म्हणजे एका हाताला गल्फ स्ट्रीम, दुसऱ्या हाताला शोल्स, आणि मधल्या बोळातून हॅटरस ओलांडायचं. त्यात ईशान्येचं वादळ उठलं की वारा सरळ किनाऱ्यावर लोटतो.

आणि "फुटेल कसं" तर असं: जहाज किनाऱ्यावर येऊन रुततच नाही. किनाऱ्यापासून दोनेकशे मीटर अलीकडे पाण्याखाली वाळूचा बांध असतो, तिथेच ते अडकतं. मागून येणारी प्रत्येक लाट त्याला उचलून पुन्हा त्याच बांधावर आपटते. लाकडी जहाज अशा माराखाली रात्रभरही टिकत नसे. किनारा समोर दिसत असताना माणसं मेली ती अशी.

देवबागकर

ही तर आमच्या देवबागचीच गजाल झाली मरे! एका बाजूक कर्ली नदी, दुसऱ्या बाजूक दर्या, मधी वाळूचो दांडो आणि त्याच्यावर आमची घरां. दरवर्षी पावसात उधाण इला की धाकधूक. 320 किलोमीटरचो देवबाग म्हणजे कठीणच आसा.

शंकासुर

@नॉरफोक, सगळं पटलं, पण हे जरा निसर्गावर ढकलल्यासारखं वाटतं. कप्तान लोकांना शोल्स माहीत नव्हते का? दीपगृहं होती ना?

नॉरफोक_मुक्काम

होती की. हॅटरसचं पहिलं दीपगृह 1803 चं. पण ते बुटकं आणि मिणमिणतं होतं, खलाशी शिव्या घालायचे. आजचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, सुमारे 60 मीटर उंच मनोरा 1870 चा. त्यानंतरही जहाजं बुडतच राहिली.

माणसाची चूक म्हणाल तर 'ह्युरॉन'चं उदाहरण घ्या. अमेरिकी नौदलाचं जहाज, क्यूबाला निघालेलं, वर म्हटलं तसं गल्फ स्ट्रीम टाळत किनाऱ्याला धरून चाललेलं. होकायंत्रात थोडी गफलत होती. 24 नोव्हेंबर 1877 च्या रात्री नॅग्ज हेडजवळ वाळूत घुसलं. किनारा हाकेच्या अंतरावर, तरी 98 माणसं गेली. सर्वांत संतापजनक भाग पुढे आहे: जीवरक्षक ठाणं जवळच होतं, पण कुलूपबंद. कारण ठाणी 1 डिसेंबरला उघडायची असा सरकारी नियम! पैसे वाचवायला. दोनच महिन्यांनी, 31 जानेवारी 1878 ला, 'मेट्रोपोलिस' कुरिटक किनाऱ्यावर फुटलं, आणखी 85 माणसं गेली. मग वर्तमानपत्रांनी झोडपल्यावर अमेरिकी संसदेने पैसे सोडले, ठाणी वाढवली, मुदत वाढवली.

रानजाई

म्हणजे आपल्या 'रामदास' बोटीसारखंच. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, सहाशेच्या वर माणसं गेली. पावसाळ्यात बोट सोडायची की नाही, किती माणसं भरायची, ह्याची चर्चा नंतर. माझी आजी अलिबागकडची, ती गटारीला बोटीचा विषय काढू द्यायची नाही.

अजून_एक_जोशी

वाचलं. वाचनखूण साठवली. नॉरफोककाका, वेगळा लेखच लिहा ना ह्यावर.

अटकमटक

नॅग्ज हेड हे नाव कसं पडलं माहितीये का? नॅग म्हणजे घोडी. तिथले लोक रात्री घोडीच्या गळ्यात कंदील बांधून तिला वाळूच्या टेकड्यांवर फिरवायचे. दुरून तो हलता दिवा बघून खलाशांना वाटायचं की तिथे जहाज नांगरलंय, म्हणजे बंदर आहे. यायचे आणि फुटायचे. मग लूट!

शंकासुर

@अटकमटक, ही गोष्ट टी-शर्टवर छापायला छान आहे. पण जरा विचार कर. वादळी रात्री अनोळखी किनाऱ्यावर दिवा दिसला तर कप्तान त्याच्याकडे जाईल की सुकाणू उलटं फिरवेल? दिवा म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे मरण, हे सुकाणूवरच्या पोरालाही कळतं. त्यात लूट करायला दिवे लावायची गरजच काय होती? जहाजं आपापली येऊन आपटत होतीच.

नॉरफोक_मुक्काम

शंकासुराशी चक्क सहमत, नोंद घ्या. लुटीचा खरा प्रकार बराच कारकुनी होता. जहाज लागलं की सरकारने नेमलेला अधिकारी यायचा आणि वाचलेल्या मालाचा किनाऱ्यावरच लिलाव व्हायचा. लाकूड, दोर, शिडाचं कापड, पिंपं. जुन्या घरांचे वासे कित्येकदा जहाजांचे आहेत. लोक गरीब होते, झाडं कमी. पण हीच माणसं रात्री-बेरात्री पाण्यात उतरून खलाशांना बाहेरही काढत होती, ते कुणी टी-शर्टवर छापत नाही.

भूगोलाच्या_बाई

उशिरा आले, पण ह्या शेवटच्या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. कावेरी, मुलाला जहाजं दाखव, हरकत नाही. पण माझं ऐकशील तर त्याला आधी रोडँथीचं चिकामाकोमिको ठाणं दाखव. 1874 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जी पहिली सात ठाणी झाली त्यातलं एक, आज संग्रहालय आहे.

तिथे बचावाची सगळी सामग्री बघायला मिळते. एक बुटकी तोफ, तिच्यातून गोळ्याला बांधलेली बारीक दोरी फुटणाऱ्या जहाजावर मारायची. ती दोरी ठेवायची पेटी नीट बघा. आत लाकडी खुंट्यांवर दोरी नागमोडी लावलेली असते, म्हणजे गोळा सुटला की गाठ न पडता सरसर निघावी. एक गाठ पडली तर गोळा फुकट आणि पुढचा बार भरेपर्यंत डोलकाठी पडलेली. दोरी पोचली की खलाशी तिने जाड दोर ओढून घेत, तो डोलकाठीला बांधत, आणि त्यावरून एक तरंगतं कडं ये-जा करी. कड्याखाली आखूड विजार शिवलेली. माणसाने दोन पाय विजारीत घालायचे आणि लाटांवरून लोंबकळत किनारा गाठायचा. एका वेळी एक. उन्हाळ्यात ह्याचं प्रात्यक्षिक करून दाखवतात, ऑक्टोबरसाठी आधी चौकशी करून ठेव.

तिथेच 1046 क्रमांकाची होडी आहे. 16 ऑगस्ट 1918 ला 'मिर्लो' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज जर्मन पाणबुडीने पेरलेल्या सुरुंगावर फुटलं, समुद्रावर पेट्रोल पसरून पेटलं. ठाण्याचा प्रमुख जॉन ॲलन मिजेट आपल्या माणसांसह ह्याच होडीतून त्या आगीत वल्हवत गेला आणि 42 जणांना घेऊन आला. होडी बघितलीत तर कळेल, ती अगदी साधी आहे. आपल्याकडच्या मोठ्या होडक्याएवढी.

पाव्हणा

मिजेट हे नाव तिथे सगळीकडे दिसलं. दुकानांवर, पाट्यांवर.

भूगोलाच्या_बाई

बरोबर, पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामात असलेलं घराणं. 1899 च्या ऑगस्टमधल्या चक्रीवादळात रॅस्मस मिजेट घोड्यावरून एकटा गस्त घालत होता, तेव्हा त्याला 'प्रिसिला' फुटताना दिसलं. ठाण्यावर जाऊन मदत आणावी तर तेवढ्यात सगळं संपलं असतं. त्याने एकट्याने दहा जणांना ओढून आणलं. चालता न येणाऱ्या शेवटच्या काहींना तर उचलून.

पण माझ्या मते ह्या सगळ्यांत मोठी माणसं पी आयलंडची. रिचर्ड एथरिज, जन्माने गुलाम, अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिक, 1880 मध्ये तिथल्या ठाण्याचा प्रमुख झाला. ठाण्यातली सगळी माणसं कृष्णवर्णीय. 11 ऑक्टोबर 1896 च्या रात्री 'ई. एस. न्यूमन' लागलं तेव्हा वादळ असं की तोफ मांडायला कोरडी जमीनच उरली नव्हती. मग दोघादोघांनी अंगाला दोर बांधून घेतला आणि पोहत गेले. पुन्हा पुन्हा गेले. कप्तानाची बायको आणि लहान मूल धरून नऊच्या नऊ जण जिवंत बाहेर. सुवर्णपदक कधी मिळालं? 1996 साली. म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, तेही एका शाळकरी मुलीने आणि काही अभ्यासकांनी पत्रं लिहून पाठपुरावा केला म्हणून.

रानजाई

मिर्लोवाल्यांना किती वर्षांनी मिळालं?

भूगोलाच्या_बाई

ब्रिटिश सरकारने तीन वर्षांत पदकं दिली. पुढचं तूच समज. मँटिओ गावात पी आयलंडच्या ठाण्याचं स्वयंपाकघर जपून त्यात छोटं संग्रहालय केलंय, आणि एथरिजची कबर रोनोक बेटावरच्या मत्स्यालयाच्या आवारात आहे. मत्स्यालयात गर्दी असते, कबरीपाशी कुणी नसतं.

अटकमटक

बरं घोडी सोडली. पण 'कॅरोल डिअरिंग'चं काय? जानेवारी 1921. पाच डोलकाठ्यांचं जहाज, सगळी शिडं उभारलेली, डायमंड शोल्सवर रुतलेलं, आणि वर एकही माणूस नाही! जेवणाची तयारी अर्धवट. होड्या गायब. बर्म्युडा ट्रँगल!!

शंकासुर

बर्म्युडा हॅटरसपासून हजार किलोमीटर लांब आहे, बाळा.

नॉरफोक_मुक्काम

डिअरिंगची गोष्ट मात्र खरी आहे आणि खरी असूनच जास्त चमत्कारिक आहे. दोन-तीन दिवस आधी केप लुकआउटच्या दीपनौकेजवळून (दीपगृहाचं काम करणारी नांगरलेली नौका) जाताना जहाजावरच्या एका माणसाने कर्ण्यातून ओरडून सांगितलं की आमचे नांगर गेले, कळवा. दीपनौकेचा रेडिओ नेमका बंद. 31 जानेवारीला जहाज शोल्सवर दिसलं, पण समुद्र इतका खवळलेला की वर चढायला 4 फेब्रुवारी उजाडला. लॉगबुक आणि दिशादर्शक उपकरणं नव्हती. चौकशी सरकारी पातळीवर झाली. बंड, चाचे, सगळे तर्क झाले, निष्कर्ष काहीच नाही. ज्या समुद्राने चार दिवस तटरक्षकांना फिरकू दिलं नाही, त्यात दोन होड्यांतली माणसं कुठे जातील? मला तरी ह्यात गूढ दिसत नाही.

गोंयकार_दर्यावर्दी

आमच्याकडेही आहेत हो जहाजं. झुआरीच्या मुखाबाहेर सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथे काम केलंय. तोफा, हस्तिदंत, चिनी मातीची भांडी मिळाली. आमच्याकडे खडक फोडतो, तुमच्याकडे वाळू, एवढाच फरक.

देवबागकर

अवांतर: आपल्याकडे असा वाळूचा बेट खय आसा काय?

भूगोलाच्या_बाई

महाराष्ट्रात ह्या आकाराचं नाही, आपला किनारा कातळाचा. पूर्व किनाऱ्यावर आहे. श्रीहरिकोटा! पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर ह्यांच्यामधलं वाळूचं बेट. रॉकेट तिथून उडतं. आणि गंमत म्हणजे राईट बंधू उडाले तेही अशाच वाळूच्या पट्टीवरून.

नॉरफोक_मुक्काम

बाई, त्यात आमच्या जीवरक्षकांचाही हात आहे! 17 डिसेंबर 1903 ला विमान रुळावर ठेवायला हात लावणारे किल डेव्हिल हिल्स ठाण्याचे लोक होते. विमान जमिनीवरून सुटतानाचा तो जगप्रसिद्ध फोटो जॉन डॅनियल्सने काढला, तो त्याच ठाण्याचा जीवरक्षक. म्हणजे स्मारकाला गेलात तरी तुम्ही ह्याच लोकांच्या गोष्टीत आहात.

अजून_एक_जोशी

हे माहीतच नव्हतं. _/\_

घरवाला_डरहॅम

सगळे भूतकाळात रमलेत. आता घरंच बुडतायत त्याचं बोला. रोडँथी आणि बक्स्टनला समुद्रात कोसळणाऱ्या घरांचे व्हिडिओ बघितले असतील. खांबांवरचं घर झोकांडी खाऊन लाटेत बसतं आणि दुसऱ्या दिवशी मैलोन्‌मैल किनाऱ्यावर खिळे, प्लायवूड, गाद्या. आणि ह्यांच्या विम्याला पैसा आपल्या करातून. वाळूवर घर बांधू नये हे बायबलमध्येच लिहिलंय ना?

शंकासुर

अर्धं खरं. काही घरं बांधली तेव्हा समोर भरपूर वाळू होती.

भूगोलाच्या_बाई

बेट सरकतंय. वादळाची लाट समुद्राकडची वाळू उचलून बेटावरून पलीकडे खाडीच्या बाजूला टाकते, म्हणजे बेट हळूहळू मुख्य भूमीकडे लोळत जातं. ओरेगॉन इनलेट आणि हॅटरस इनलेट ही समुद्र आणि खाडी जोडणारी दोन्ही मुखं 1846 च्या एकाच चक्रीवादळात फुटली. 1930 च्या दशकात सरकारने मजूर लावून समुद्राच्या बाजूला वाळूचे बांध घातले, लोकांना वाटलं आता जमीन पक्की झाली, मग रस्ते आणि घरं आली. 2003 मध्ये इझाबेल वादळाने हॅटरस बेट पुन्हा फोडलंच.

दीपगृहाचं तर माहीतच असेल. 1870 मध्ये समुद्रापासून 1500 फुटांवर बांधलेला मनोरा, शेवटी लाटा पायाशी आल्या. 1999 च्या उन्हाळ्यात तो अख्खा उचलून रुळांवरून 2900 फूट आत नेला, 23 दिवसांत. विटांचा मनोरा, एकही तडा न जाता. घर हलवता येतं, पण बेट थांबवता येत नाही, म्हणून माझं मत डरहॅमकरांच्या जवळचं आहे, फक्त तिथे राहणाऱ्या मासेमार कुटुंबांना भाड्याच्या बंगल्यांच्या मालकांसोबत एका तराजूत घालू नका.

घरवाला_डरहॅम

हे मान्य. माझा रोख बंगलेवाल्यांवर.

पाव्हणा

आम्ही राहिलो त्या बंगल्यात गरम पाणी दुसऱ्या दिवशी आलं. समुद्र मात्र पहिल्या दिवसापासून आत यायला तयार होता.

कॅरीची_कावेरी

अरे काय भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! सासऱ्यांना सगळा धागा वाचून दाखवला. "बाहेरच्या बांधावर आपटतं" म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हां, मग बरोबर." विजारीचं कडं ऐकून सासूबाई हसून हसून बेजार.

पण मूळ प्रश्न तसाच राहिलाय हो. पोराला खरंखुरं जहाज दिसणार कुठे?

नॉरफोक_मुक्काम

खरंच की! घ्या:

सर्वांत खात्रीचं म्हणजे पी आयलंड अभयारण्याच्या माहिती केंद्रासमोरचा किनारा. तिथे 1862 मध्ये बुडालेल्या 'ओरिएंटल'चा बॉयलरचा भाग लाटांतून डोकं वर काढून असतो. दुर्बीण न्या. नॅग्ज हेडला 'ह्युरॉन'चा माहितीफलक लाकडी मंडपात आहे, अवशेष समोरच पाण्याखाली. हॅटरस बेटावर 1933 च्या वादळात लागलेल्या 'जी. ए. कोहलर'ची लाकडं कधी वाळूबाहेर, कधी गडप. वादळानंतर गेलात तर नशीब. एखादं लाकूड किंवा खिळा सापडला तर हात लावू नका, राष्ट्रीय किनारा आहे, उचलणं गुन्हा. चिरंजीवांना आधीच बजावा.

मग हॅटरस गावातलं 'स्मशानभूमी'चं संग्रहालय. 'मॉनिटर'बद्दल तिथे बघा: यादवी युद्धातलं फिरत्या बुरुजाचं लोखंडी चिलखती जहाज, 31 डिसेंबर 1862 च्या पहाटे हॅटरसपुढे बुडालं, 16 माणसं गेली, 1973 मध्ये सापडलं. बुरुज 2002 मध्ये वर काढला, तो मात्र आमच्याकडे न्यूपोर्ट न्यूजच्या संग्रहालयात आहे. आलात तर फोन करा, चहाला घरी या.

तिथूनच ओक्राकोकची फेरी सुटते, फुकट आहे, पण रांगेत लवकर लागा. ब्लॅकबिअर्ड हा समुद्री चाचा 22 नोव्हेंबर 1718 ला तिथल्याच पाण्यात मारला गेला, त्यामुळे अटकमटकसाठी टी-शर्ट मुबलक. आणि गावात एक चिमुकली ब्रिटिश दफनभूमी आहे. 1942 च्या मे महिन्यात जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या 'बेडफर्डशायर'चे चार खलाशी तिथे आहेत.

अटकमटक

एक्सएल, काळा. पैसे गूगल पेने.

देवबागकर

आणि माशांचा काय ता कोण सांगणार? गुहागरचो माणूस थेपल्यांर चार दिवस कसो काढतलो?

नॉरफोक_मुक्काम

ऑक्टोबरात स्पॅनिश मॅकरल मिळतो, नाव मॅकरल असलं तरी तो बांगडा नव्हे, सुरमईचा सख्खा चुलतभाऊ. किनाऱ्यावरच्या मासळीच्या दुकानात ताजा आणि साफ करून देतात. तुकड्या करायला सांगा, नाहीतर ते फिले काढून डोकं फेकून देतात.

कॅरीची_कावेरी

डोकं फेकतात?? सासूबाईंना हे सांगत नाही. मसाला, कोकम आणि बिडाचा तवा गाडीत टाकतेय.